मोडक्या मूर्ती आणि लंडनचा खुनी

आमच्या पेणच्या गणपती कारखान्यात एका पावसाळ्यात तीन शहाणे पुरुष लंडनच्या खुनांचा निवाडा करायला बसत. खून शंभर वर्षांपूर्वीचे, इंग्रजांच्या राणीच्या काळातले. मेलेल्या सगळ्या बायका, आणि मारणारा कधीच सापडला नाही. तो सापडला नाही याचं तिघांना दुःख नव्हतं. सापडला असता तर त्यांच्या दुपारी कशा गेल्या असत्या कोण जाणे. वाद एवढाच, की त्या वस्तीत मेलेल्या बायकांपैकी किती एकाच हाताने मेल्या.

पुस्तक आणलं होतं मालकांच्या जावयाने. तो रोह्याला राहायचा आणि धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. मालकांची एकुलती एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणून सुट्टी असली की तो एसटीने पेणला येई. बायकोपाशी दहा मिनिटं आणि आमच्या कारखान्यात दोन तास, असा त्याचा हिशेब होता. कारखान्यातली एकुलती खुर्ची त्याला मिळे. शेजारचे निवृत्त गुरुजी आणि खुद्द मालक समोर प्लास्टरच्या गोण्यांवर बसत.

गुरुजींचं मत, बायका पाचच. पाचजणींचे गळे एकसारखे चिरलेले, बाकीच्या कुणा दुसऱ्याच्या. जावई म्हणे अकरा. ज्या बाईला नुसतं भोसकलेलं होतं तीसुद्धा त्याचीच, कारण तेव्हा तो शिकत होता. जिचं नुसतं धड सापडलं तिच्यावरून तर दोन रविवार भांडण चाललं. मालक कधी पाच म्हणत, कधी सात. जावई खुशीत असला की अकरापर्यंत चढत.

हे सगळं आम्हा बायकांसमोर. आम्ही पाचजणी समोरच काम करत असू. कुणाच्या पोटातून काय काढलं, आतडं कुठल्या खांद्यावर टाकलं, हे गुरुजी वाचून दाखवत तेव्हा आवाज खाली करावा असं त्यांना एकदाही वाटलं नाही. आयुष्यभर शाळेत मुलींना नीट बसा, पदर सावरा सांगणारे गुरुजी. त्या बायकांना त्यांच्या लेखी नावं नव्हती. दुसरी, तिसरी, चौथी. आम्हा पाचजणींची तरी नावं त्यांना कुठे ठाऊक होती म्हणा.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण वाचता येतं. ते चहाला घरात गेले की पुस्तक गोणीवर पडलेलं असे. मी हात पुसून दोन-दोन पानं वाचायची. एक बाई विणकाम करून विकायची. एक मजुरीला शेतावर जाऊन नुकतीच परत आली होती. एवढं दोन ओळींत होतं आणि सुरीची लांबी-रुंदी चार पानं. पुस्तक लिहिणाराही त्यांच्यासारखाच कुठल्या तरी गोणीवर बसून लिहीत असेल, असं मला वाटलं.

माझं काम शाडूच्या मूर्तींना हात बसवण्याचं. आशीर्वादाचा हात वेगळा घडवतात आणि मग धडाला जोडतात. धड आणि हात, दोन्ही सारखेच ओले हवेत. हात सुकून गेला असेल तर तो टाकून नवा घ्यायचा, नाहीतर वरून छान दिसतो आणि आत सांधा धरत नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात. माझ्या शेजारी खाडीकडची एक मुलगी बसायची. लग्न झालं नव्हतं. आईबाप मिठागरावर राबणारे. ती प्लास्टरच्या मूर्ती पॉलिश पेपरने घासायची, आणि डावखुरी होती. त्यावरून तिला सुरुवातीला बोलणी खावी लागली, देवाच्या कामाला डावा हात कसला म्हणून. पण तिच्याइतकी गुळगुळीत मूर्ती कुणाची होत नसे, तेव्हा मालक गप्प बसले.

श्रावण लागला आणि एका सकाळी शाडूच्या मूर्तीचा हात फळीवर पडलेला सापडला. चार दिवसांनी प्लास्टरच्या तीन लहान मूर्तींच्या सोंडा तुटलेल्या. पुढच्या सुट्टीला जावई येऊन राहिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या मोठ्या मूर्तीचा कान खाली.

दुसऱ्या एखाद्या कारखान्यात मालकाने चार शिव्या हासडून मूर्ती दुरुस्त केल्या असत्या. आमच्याकडे तज्ज्ञ होते. जावयाने कंपनीतून चार दिवस रजा टाकली. दोरीने मोजमापं घेतली. गुरुजींनी वहीत तीन चौकोन आखले आणि प्रत्येकात वार, जागा, घाव असं लिहिलं. आमची कामं थांबवून आम्हाला विचारलं, कुलूप लावताना कोण होतं, सकाळी आधी कोण आलं. गुरुजी लंडनच्या बाबतीत पाचाच्या वर जायला तयार नव्हते, पण इथे तिन्ही कामं एकाच हाताची हे त्यांनी लगेच मान्य केलं. जावयाने जाहीर केलं की हात, सोंड, कान तिन्ही मूर्तीच्या उजव्या अंगाला मोडलेत. समोर उभं राहून असं मोडणारा माणूस डावखुरा असला पाहिजे. लंडनच्या खुन्याबद्दलही एका डॉक्टरने हेच म्हटलं होतं, असं त्याने पान काढून दाखवलं.

मग तिघांनीही त्या मुलीकडे पाहिलं.

तिच्यावर कुणी ओरडलं नाही. मालकांनी एवढंच सांगितलं, की शनिवारपर्यंत खरं काय ते सांग, नाहीतर येऊ नकोस. पेणात कारखाने पुष्कळ, पण मालक सगळे एकमेकांच्या ओळखीचे. मूर्ती मोडणारी म्हणून एकीला काढलं की तिला दुसरीकडे कुणी उभी करत नाही. मग परत मिठागर. तिच्या आईची पावलं मी पाहिली होती, मिठाने खाल्लेली.

आता खरं काय होतं ते लिहिते. हात मी बसवला होता. तो सुकलेला होता आणि मला ते कळलं होतं. त्या दुपारी गुरुजी चौथ्या बाईचं वाचत होते, तीच शेतावरून परत आलेली. पुढे काय होतं ते ऐकायच्या नादात नवा हात आणायला उठले नाही. ओलं फडकं फिरवून तोच दाबला. मी त्या पुरुषांना मनातून इतकी नावं ठेवायची आणि कान त्यांच्याकडेच लावून बसायची.

सोंडांचं मला आजही माहीत नाही. मांजर असेल.

कानाचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आदल्या संध्याकाळी खुनी मागून कसा यायचा हे जावई गुरुजींना करून दाखवत होता. हातात सुरीऐवजी रंग ढवळायची काडी, आणि गुरुजी झाले होते बाई. झटक्यात मागे सरताना जावयाचा कोपर मूर्तीच्या कानावर बसला. प्लास्टरमध्ये काथ्या घातलेला असतो, त्यामुळे कान लगेच पडला नाही, काथ्यावर लोंबकळत राहिला. त्याचं लक्षच नव्हतं, खून करत होता. मला हसू आलं आणि मी मान खाली घातली.

दोन दिवस मी बोलले नाही. माझा स्वभाव भिडस्त, पुरुषांसमोर तोंडातून शब्द फुटत नाही. त्यातून जावई. आमच्याकडे जावयाने डाळीला खीर म्हटलं तरी लोक वाटी पुढे करतात. शुक्रवारी दुपारी ते तिघे बसले होते तेव्हा मी उठले. म्हटलं, "मालक, तो हात मी बसवला होता. सुकलेला होता. आपोआप पडला."

गुरुजी जावयाकडे बघून हसले. जावई म्हणाला, "वहिनी, असं होतंच. लंडनलासुद्धा लोक चौकीत येऊन मीच खून केला म्हणून सांगायचे. खोटी कबुली म्हणतात त्याला." आणि गुरुजींनी वहीत ते लिहून घेतलं.

मी तशीच उभी राहिले. खरं सांगायला आयुष्यात एकदा उठले होते, तर तेही पुस्तकात आधीच कुणी करून ठेवलेलं. मग फळीवरून तो पडलेला हात आणला आणि मालकांच्या हातात दिला. मालक आता मालक होते, पण त्यांचीही सुरुवात माती मळण्यापासून झाली होती. त्यांनी सांध्याच्या जागी अंगठा फिरवला. मोडलेली माती खरखरीत लागते, ही गुळगुळीत होती, मी फडकं फिरवलं होतं तशीच. त्यांना अंगठा टेकताच कळलं. कपाळाला आठी पडली. पण जावयाला खोटं न पाडता मला एवढंच म्हणाले, "उद्यापासून तू घासायला बस."

गुरुजींनी जरा विचार केला आणि वहीतला पहिला चौकोन खोडला. म्हणाले, ठीक आहे, ही पहिली यात धरायची नाही. सोंडा आणि कान मात्र एकाच हाताचे. जावई म्हणाला, मला पहिल्यापासून तेच वाटत होतं. भोसकलेल्या बाईला जसं आत घेत, बाहेर काढत, तशी माझी मूर्ती त्यांनी बाहेर काढली आणि कारभार पुढे चालू. त्या मुलीवरचा संशय होता तिथेच, शनिवारही होता तिथेच.

घरी जाताना मी तिला गाठलं. वाटलं, तिला बरं वाटलं असेल. तिला कोपराचंही सांगितलं. ती रस्त्यातच थांबली.

"तू ह्ये बघितलंस? आणि आत उभी ऱ्हाऊन निस्ता तुझा हात सांगितलास?"

मी म्हटलं, जावयाचं नाव कसं घेऊ.

"माझं घेतलं त्यांनी. कुनाला कायपन वाटलं नाय." मग म्हणाली, "दोन दिस गप होतीस गो वयनी. माझ्या शेजारी बसून माझ्याच डब्यातली मच्छी खाल्लीस."

त्या तिघांबद्दल मी आतापर्यंत जे लिहिलं त्यातलं काही मागे घेत नाही. पण त्या संध्याकाळी मी त्यांच्याहून काही वेगळी नव्हते.

शनिवारी ती नेहमीसारखी आली आणि कामाला बसली. दुपारी मालकांनी विचारलं, काय ठरवलंस. तिने मान वर केली नाही, घासत राहिली.

"कान जावयबापूंच्या कोपराने पडला. गुर्जी बाई झाले होते तवा. वयनीने बघितलंय."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "व्हय. मी बघितलं."

जावई हसला, म्हणाला शक्यच नाही, आपण मूर्तीपासून चार हात लांब होतो. आणि हे दाखवायला उठला. खुर्ची सरकवून जागेवर उभा राहिला, हात मागे घेतला आणि तिथेच थांबला, कारण कोपर कानाच्या जागेपासून चार बोटांवर होता. गुरुजींनी वही मिटली. चष्मा काढून पुसायला लागले, तो पुसून संपेना. जावयाला बोलायची मालकांची हिंमत नव्हती. खाडीकडच्या मुलीला म्हणाले, "घास नीट." म्हणजे तू राहिलीस.

माफी कुणी मागितली नाही. सोंडांचा खुनी कोण यावर पुढेही दोन दिवस गुरुजी माझ्याशी बोलायला बघत होते, मी मान खाली घालून पेपर चालवत राहिले. जावई पुढे आला की बाळाच्या बारशापर्यंत घरातच बसे, कारखान्यात फिरकला नाही. पुस्तक त्याच्याबरोबर गेलं. त्यांचं शेवटी पाच ठरलं की अकरा, मला कळलं नाही आणि जाणून घ्यावंसंही वाटलं नाही.

ती खाडीकडची मुलगी चतुर्थीपर्यंत राहिली. पुढच्या वर्षी तिने दुसरा कारखाना धरला. तिथल्या मालकाने आमच्याकडे चौकशी केली, तेव्हा आमच्या मालकांनी काम चांगलं आहे असं सांगितलं, मी समोरच होते. आमच्याकडे असेपर्यंत ती माझ्यापासून दोन जागा सोडून बसायची. डबा एकटीच उघडायची.