अहोमधला ह

माझ्या चुलतसासऱ्यांनी एकदा हात लावला आणि त्यानंतर तो कम्प्युटर पहिल्यासारखा वागला, असं अख्ख्या पुण्यात कधी घडलेलं नाही. विश्रांतवाडीपासून कर्वेनगरपर्यंत आमच्या नात्यागोत्यात जेवढी घरं आहेत, तेवढ्या घरांतले कीबोर्ड काकांनी कधी ना कधी बिघडवलेले आहेत. ‘बिघडवलेले’ हा शब्द माझा. त्यांचा शब्द ‘बसवून दिलेले’. माणूस पाहुणा म्हणून आला की चपला काढतो, पाणी पितो, काय म्हणताय म्हणतो. काका चपला काढायचे आणि विचारायचे, “मशीन कुठंय?” पाण्याचा ग्लास घेऊन घरातली बाई त्यांच्या मागे फिरायची आणि तोवर ते सेटिंगमध्ये शिरलेले असायचे. कुठल्या कळेखाली कुठलं अक्षर, याला म्हणतात लेआउट. तो कुणीतरी कुठंतरी ठरवून पाठवतो आणि आपण सगळे निमूट वापरतो. काकांना हे मान्यच नव्हतं. “चप्पल मापाची घेता ना? मग कीबोर्ड का नाही?” असं म्हणून ते समोरच्याचा हात हातात घ्यायचे, आणि त्याला वाटायचं भविष्य सांगतात. काका बोटं वाकवून बघायचे आणि निकाल द्यायचे, “करंगळी कामचुकार आहे तुमची. तिच्याकडे फक्त ङ ठेवतो.”

खडकीच्या एका सरकारी कारखान्याच्या ऑफिसातून ते रिटायर झाले. तिथं ते नेमकं काय करायचे ते मला आजही नीट माहीत नाही, पण ते गेल्यावर तिथल्या लोकांनी सगळे कीबोर्ड बदलून मागितले, एवढं ऐकलंय. माझी त्यांची पहिली गाठ पडली ती मी मुलगी बघायला गेलो तेव्हा. पगार किती, घर स्वतःचं का, काही व्यसन वगैरे, हे प्रश्न सासऱ्यांनी विचारले. कोपऱ्यात बसलेल्या काकांनी एकच विचारला, “ऱ्य कसा काढता?” मला वाटलं, कानात काहीतरी गडबड झाली. मग त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, कम्प्युटरसमोर बसवलं आणि ‘सासऱ्यांच्या कोपऱ्यात’ असं टाइप करायला लावलं. मी आपलं माझ्या पद्धतीनं बडवलं आणि पडद्यावर ‘सासर्यांच्या कोपर्यात’ उमटलं. बाहेर पोहे निवत होते. काका बाहेर येऊन भावाला म्हणाले, “मुलगा बरा आहे. र तेवढा कच्चा आहे.” आमच्या लग्नाला होकार मिळाला तो या शेऱ्यासकट, आणि बायको अजून भांडणात तो काढते.

लग्नात त्याच र नं सगळ्यांचा सूड घेतला. हॉलच्या मॅनेजरनं आपल्या कम्प्युटरवर टाइप करून फाटकावर कागद चिकटवला होता, ‘आचार्यांनी मागच्या दाराने यावे.’ त्याला म्हणायचं होतं आचाऱ्यांनी, म्हणजे स्वयंपाकवाल्यांनी. पण आमचं लग्न लावायला येणारे होते बौद्धाचार्य, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, अतिशय शिस्तीचा माणूस. त्यांनी कागद वाचला आणि एका शब्दानं तक्रार न करता मागच्या दारानं थेट भटारखान्यात गेले. तिथल्या मुख्य आचाऱ्याला वाटलं, चव बघायला घरातलं वडीलधारं कुणीतरी पाठवलंय. त्यानं त्यांना खुर्ची दिली आणि वाटीत वांग्याची भाजी दिली. इकडं आम्ही दोघं पांढऱ्या कपड्यांत स्टेजवर उभे, लोक घड्याळं बघताहेत, आचार्यांचा पत्ता नाही. शोधाशोध झाली तेव्हा आणखी एक माणूस बेपत्ता निघाला, ते म्हणजे काका. ते मॅनेजरच्या केबिनमध्ये चमच्याच्या दांड्यानं त्याच्या कीबोर्डच्या कळा उचकटत बसले होते. सासरे म्हणाले, “अरे, लग्न खोळंबलंय. कागद फाडून टाक आणि चल.” काका मान वर न करता म्हणाले, “कागद फाडून काय होणार? उद्या पुन्हा तेच छापेल. रोग कीबोर्डात आहे. जरा कळ काढ.”

‘जरा कळ काढा’ हे त्यांचं पेटंट वाक्य. ते म्हणताना त्यांच्या चमच्यानं खरोखरच एखादी कळ निघालेली असायची, आणि आपण विनोद केलाय हे त्यांच्या गावीही नसायचं. लग्नात लोकांनी आम्हाला भांडी दिली, काकांनी लेआउट दिला. एका रविवारी येऊन त्यांनी माझ्या टेबलावरच्या कम्प्युटरवर तो बसवला, पुरणपोळी खाल्ली आणि गेले. सोमवारी सकाळी मी कामाला बसलो तर पासवर्ड चालेना. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, त्यांच्यामागे इंग्रजी आहे की मराठी हे माणसाला कळावं कसं? दोन-चार प्रयत्नांनंतर ऑफिसच्या सिस्टिमनं मला बाहेरच काढलं. फोन केला तर काका शांतपणे म्हणाले, “पासवर्ड बरोबरच आहे तुमचा. भाषा चुकतेय. जय भीम.” आणि फोन ठेवला. तेव्हापासून ते आमच्याकडून गेले की मी दार लावायचो आणि आधी सगळं होतं तसं करायचो. हे नात्यातला प्रत्येकजण करायचा आणि काकांना ते कुणीच सांगायचं नाही, कारण पुढच्या खेपेला ते तितक्याच मायेनं पुन्हा बसवून द्यायचे.

त्यांच्या स्वतःच्या कीबोर्डवर एकही अक्षर नव्हतं. पॉलिश पेपरनं घासून सगळ्या कळा कोऱ्या करून टाकल्या होत्या. खाली बघून टाइप करणाऱ्यांची त्यांना मनापासून कीव यायची. “लहानपणी पोहायला शिकताना कमरेला डबा बांधतात, तशी ही वरची अक्षरं. जन्मभर डबा बांधून पोहणार का तुम्ही?” असं ते मला विचारायचे. मी म्हणायचो, “काका, बुडण्यापेक्षा डबा बरा.” यावर ते माझ्या करंगळीकडे दुःखानं बघायचे.

या माणसाला अख्ख्या पुण्यात एकाच कीबोर्डला हात लावायची बंदी होती, आणि तो त्यांच्याच घरात होता. काकूंचा. काकूंनी शिवाजीनगरला वकिलांच्या ऑफिसात जन्मभर मराठी टायपिंग केलं होतं. त्यांचा हात कीबोर्डवर असा पळायचा की शेजारच्या खोलीतून ऐकणाऱ्याला वाटावं, पत्र्यावर कुणी मूठभर तांदूळ सोडतंय. त्यांच्याही कळांवरची अक्षरं गेली होती, पण ती वापरून वापरून. अक्षरं कुठं आहेत ते त्यांच्या डोळ्यांना ठाऊक नव्हतंच, ते बोटांना पाठ होतं. काकांनी एकदाच, नव्या नवलाईत, त्यांचा ळ सुधारायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या दिवशी काकूंच्या पडद्यावर मागे कायमची ठळक ओळ आली, ‘या कीबोर्डला हात लावणाऱ्यास जेवण मिळणार नाही.’ काका त्या पडद्यासमोरून जाताना हात मागे बांधून जायचे.

काकूंची जीभही बोटांइतकीच चपळ. आमच्या फोनवर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “आमचे नमुने तुमच्याकडे आलेत का?” नमुने हे काकांचं तिसऱ्या माणसाशी बोलतानाचं नाव. समोरासमोर मात्र एकच हाक, अहो. त्या एका ‘अहो’मध्ये काकू वाट्टेल ते सांगू शकायच्या. एक अहो म्हणजे गॅस संपलाय. एक म्हणजे शर्टाचं बटण चुकलंय. एक खालच्या पट्टीतलं, म्हणजे पाहुणे कंटाळलेत, लेआउट पुरे. काकांना हे सगळे अहो वेगवेगळे कळायचे. ते जागेवरूनच “आलो” म्हणायचे आणि गॅसचं असेल तर किल्ली घेऊन उठायचे, बटणाचं असेल तर छातीशी हात नेत उठायचे.

गेल्या वर्षी काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, शब्द सगळे डोक्यात शाबूत आहेत, समजतं सगळं, जीभ तेवढी ऐकत नाही. घरी आणल्यावर व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं चित्रांचा तक्ता आणला. पाण्याचा ग्लास, पलंग, संडास, हसरा चेहरा, रडका चेहरा. हवं त्यावर बोट ठेवायचं. वकिलांचं मराठी सुधारून द्यायची सवय असलेल्या काकूंनी त्या तक्त्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा काकांनी मशीन कुठंय, कसं चाललंय, काही विचारलं नाही. बसून राहिले. मग म्हणाले, “जावईबापू, घरात मला हाक मारणारं कुणी राहिलं नाही.” माझ्या बायकोनं उठून चहा टाकला, तो कुणालाच नको होता.

पुढच्या भेटीत काकांनी काकूंना उशांना टेकवून बसवलं होतं. मांडीवर पाट, पाटावर काकूंचाच जुना, अक्षरं गेलेला कीबोर्ड, समोर पडदा. डावा हात काकांनी उचलून कळांवर ठेवला आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिले. काकूंची बोटं जरा चाचपडली, मग पडद्यावर आलं, ‘अओ’. काकूंनी मान हलवली. पुन्हा टाइप केलं, ‘अओ’. तिसऱ्यांदाही तेच. बायको माझ्या कानात म्हणाली, “कण्हतेय का रे ती?” मलाही वाटलं, काहीतरी दुखतंय, डॉक्टरांना बोलवावं. काकूंच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त. काका मात्र पडद्याकडे नुसते बघत होते. मग हळूच म्हणाले, “ह उजव्या हाताला आहे.”

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्याकडून लेआउटबद्दल मी मनापासून ऐकलेलं ते पहिलं भाषण. मराठीच्या सरकारी कीबोर्डवर सगळे स्वर, काना-मात्रा डाव्या हाताला असतात आणि म, न, व अशी थोडी सोडली तर व्यंजनं सगळी उजव्या हाताला. काकूंचा डावा हात आयुष्यभर फक्त स्वर दाबत आलेला. उजवीकडचं त्याला काही माहीतच नाही, आणि वर बघायला अक्षरंही नाहीत. “मला हाक मारतेय ती,” काका म्हणाले. “ह सापडत नाहीये तिला.”

मग ते पलंगाजवळ गेले आणि साहेबाकडे रजा मागावी तसे उभे राहून म्हणाले, “अगं, तुझा कीबोर्ड हलवू का? ह इकडं आणतो, डावीकडं. फक्त ह.” सबंध पुण्यात ज्यानं कुणालाही न विचारता कळा उपटल्या, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. ‘हो’ म्हणायलाही ह लागतो हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि ‘नाही’ म्हणायलाही. काकूंनी एक कळ दाबली. पडद्यावर उमटलं, ‘ओ’.

काकांना वेळ लागला नाही. या कामासाठीच जणू ते इतकी वर्षं लोकांच्या घरी हात साफ करत हिंडले होते. त्यांनी ह काकूंच्या तर्जनीखाली आणून ठेवला, ते बोट धरून ती कळ दाखवली आणि बाजूला झाले. काकूंनी सावकाश टाइप केलं, ‘अहो’. थोडं थांबल्या. मग पुढं आलं, ‘नमुने’. माझी बायको हसता हसता रडायला लागली. काका मात्र पडद्याजवळ वाकून ती दोन शब्दांची ओळ मुद्रितं तपासावीत तशी बघत होते. जाताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, “नमुने हा शब्द तिला आधीसुद्धा लिहिता आला असता. त्यातलं एकही अक्षर उजवीकडचं नाही. पण अहोशिवाय नाही लिहिला तिनं.”

त्यानंतर काकूंना जसजसं हवं होतं तसतसं एकेक अक्षर डावीकडं आलं. आधी च, कारण चहात साखर जास्त पडत होती. मग क, मग ळ, आणि ऱ सुद्धा, कारण काकूंना साऱ्या सासरच्यांवर एकेक शेरा मारायचा होता. काकांनी कौतुकानं एक जादाची कळही करून दिली होती. ती एकदा दाबली की अख्खं ‘अहो’ उमटायचं. काकूंनी ती कधी वापरली नाही. फार आग्रह झाला तेव्हा लिहिलं, ‘आयतं नको.’

काका आता कुणाकडे जात नाहीत. आमच्या सगळ्यांचे कम्प्युटर गुणी मुलांसारखे वागतात, पासवर्ड पहिल्या झटक्यात चालतात, आणि घर कसं अगदी अळणी वाटतं. मला हे कधी सहन होईनासं होईल असं वाटलं नव्हतं, पण परवा मीच माझा धडधाकट कीबोर्ड पिशवीत घातला आणि विश्रांतवाडीला काकांच्या घरी गेलो. म्हटलं, “काका, ऱ्य निघत नाही हो.” ते काय समजायचं ते समजले असणार. त्यांनी माझी करंगळी धरून बघितली, “अजून तशीच,” म्हणाले, आणि चमचा घेऊन बसले. टेबलावर माझ्या कळा सुट्या होत गेल्या. ते पूर्वीसारखेच भराभर बोलत होते, मी पूर्वीसारखाच नाही-नाही म्हणत होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून कीबोर्ड वाजला. टक, टक, आणि जरा थांबून, टक. काका वाक्याच्या मध्येच थांबले. पडदा आत होता, इथून दिसतही नव्हता.

“आलो,” ते म्हणाले, आणि छातीशी हात नेत शर्टाची बटणं चाचपत उठले. मला म्हणाले, “जावईबापू, जरा कळ काढा.”

मी बसून राहिलो.