कपाटामागचा हिरवा

रंगाऱ्याने पोपडे काढायला आतल्या खोलीची भिंत भिजवली, तसा जुन्या चुन्याचा वास आला. मग आम्ही दोघांनी लोखंडी कपाट सरकवलं. त्यामागे हातभर लांबीचे दोन पट्टे निघाले, एक गुलाबी आणि एक हिरवा.

नांदुऱ्याचं हे घर बांधलं तेव्हा रंग चुन्यातच कालवायचे. हे पट्टे तेव्हा नमुना म्हणून मीच ओढले होते. त्या दिवशी माझी बायको सुमन कमरेवर हात ठेवून हिरव्यासमोर उभी राहिली होती.

"हा लावा," ती म्हणाली.

"लय गर्द हाय. दवाखाना वाटते."

"ओला हाय म्हणून गर्द दिसून राह्यला. वाळू द्या, सकाळी पाहा. दिवसभर इथं मशीनवर मलेच बसा लागते."

मला थांबायचं नव्हतं. कपाटामागे रंग कशाला वाया घालवायचा, म्हणून त्याच संध्याकाळी ते पट्ट्यांपुढे उभं केलं आणि बाकीची खोली गुलाबी करून टाकली. त्या गुलाबी भिंतीकडे तोंड करून तिने बावीस वर्षं शिवणकाम केलं, आणि शेवटचे चार महिने तिथेच पडून काढले. नंतर दरवेळी रंग कपाटाच्या कडेपर्यंतच फिरला.

तो हिरवा वाळलेला मी आज पहिल्यांदा पाहिला. सोललेल्या काकडीसारखा फिका, डोळ्यांना गार वाटणारा.

रंगाऱ्याने भिंत खरवडायची पत्री उचलली. "काका, हे बी घासून टाकू?"

"थांब जरा," मी म्हणालो. "तिनं सकाळी पाहा म्हटलं होतं."