भिंतीवरचा फिका चौकोन

घर दाखवायच्या आधी मी मालकाला चार गोष्टी सांगतो. सुकट भाजू नका, दोरीवरचे कपडे काढा, म्हातारं माणूस आतल्या खोलीत बसवा, आणि भिंतीवरून जात कळत असेल तर भिंत साफ करा. शेवटची इतकी तोंडावर सांगत नाही, पण सांगतो. एजंटकी करायची तर लाज घरी ठेवूनच निघावं लागतं.

विश्रांतवाडीतल्या त्या तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नव्हती. काका सरकारी नोकरीतून निवृत्त. काकूंचे गुडघे गेलेले. वर्षभरात त्या एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. फ्लॅट विकायचा आणि धायरीला, लेकीच्या शेजारी, तळमजल्यावर राहायचं, एवढंच दोघांचं म्हणणं. "मला नुसतं अंगणात खुर्ची टाकून बसायचंय हो," काकू दर खेपेला म्हणायच्या. जसं काही मीच त्यांना कोंडलं होतं!

हॉलमध्ये दोन तसबिरी होत्या. एक बुद्धाची, एक निळ्या कोटातली.

"बुद्ध असू द्या," मी म्हणालो. "तो हल्ली कुणाच्याही हॉलमध्ये असतो, शोपीस म्हणून. निळा कोट तेवढा आत ठेवा. गिऱ्हाईक बिचकतं."

काका स्टुलावर चढले, तसबीर उतरवली, सदऱ्याने पुसली आणि आत नेऊन काकूंच्या मांडीवर ठेवली. भिंतीवर फिका चौकोन उरला. त्याच खिळ्याला मी कॅलेंडर टांगलं. मोठा शहाणा मी!

संध्याकाळी वाघोलीहून एक नवराबायको आले. दोघंही आयटीतले. उजेड, हवा, सगळं पसंत. बाईंनी मात्र दोनदा भिंतींवरून नजर फिरवली. जिना उतरताना नवरा हळूच म्हणाला, "घर छान आहे. पण आम्ही बौद्ध. हे घर आमच्यातल्यांचं आहे असं ऐकलं होतं, म्हणून आलो. आत्ताच्या बिल्डिंगमध्ये फोटो लावला आणि शेजारी बोलेनासे झाले. पुन्हा तेच नको. हे खरंच आमच्यातल्यांचं घर आहे का?"

मागे वळून म्हणायला हवं होतं, चला वर, तसबीर आत आहे. मीही तुमच्यातलाच, हेसुद्धा. पण खाली सोसायटीचे चेअरमन उभे होते. त्यांच्या ओळखीतले तीन फ्लॅट माझ्याकडे विकायला, आणि माझं आडनाव गावावरून पडलेलं, काही थांग न लागणारं.

"नाही हो," मी म्हणालो. "तसले लोक नाहीत इथे."

तसले! माझ्याच तोंडून.

दोन दिवसांनी लाज वाटून फोन केला, तर त्यांनी दुसरीकडे घर पसंत केलं होतं.

पुढचं गिऱ्हाईक यायच्या आत काकू गेल्या. त्या अरुंद जिन्यावरून त्यांना खाली आणताना मीही हात लावला. नंतर भेटायला गेलो, तेव्हा माझं कॅलेंडर तिथेच होतं. तसबीर काकूंच्या रिकाम्या पलंगावर. काकांनी विचारलं, "त्या वाघोलीवाल्यांना नेमकं काय खटकलं होतं हो?"

"लिफ्ट नाही ना, काका," मी म्हणालो.