चौदातलं एक टेबल

एसटी सुटायची वेळ झाली तरी बाबा खिडकीचा गज सोडायला तयार नव्हते. आई पदराने तोंड दाबून उभी. "पोचलंस काय पत्र घाल हां," एवढंच ती म्हणाली. बाबांनी मात्र मालवणच्या भरल्या स्टँडवर मला सुनावलं, "परमुलखात जातंस. कोणाच्या पोटार पाय देव नको हां रे!" मला असा राग आला म्हणून सांगू! मुंबई बंदरात माल सोडवणाऱ्या एजंटाकडे नऊ वर्षं खर्डेघाशी केलेला मी, कोणाच्या पोटावर कसला पाय देणार? मुंबईच्या रस्त्यावरचा कसालचा फाटा येईपर्यंत मी धुमसत होतो.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात मला नोकरी लागली होती. पैसा युरोपातल्या एका देशाचा. गरीब देशांच्या कस्टममधून माल लवकर सुटला तर तिथला व्यापार वाढेल, अशी त्या मदतीमागची कल्पना. आपल्या गावातले जे आखातात गेले त्यांनी वाळू आणि ऊन पाहिलं. मी पाहिली टेबलं. एक कागद चौदा टेबलांवरून फिरायचा, चौदा सह्या घ्यायचा. मी घड्याळ घेऊन प्रत्येक टेबलाशी बसायचो आणि कागद कुठे किती वेळ अडला ते टिपायचो.

अकराव्या टेबलावर सलीमचाचा होते. म्हातारे, सावकाश, कच्छी दुकानदारांकडून शिकलेलं मोडकंतोडकं हिंदी बोलणारे. जाडजूड वहीत काहीतरी लिहायचे, सही करून कागद पुढे सरकवायचे. "ये किसलिए, चाचा?" मी विचारलं. "लिखना पड़ता है," एवढंच उत्तर. कुठल्याच नियमात ती वही नव्हती. दुसऱ्यांदा विचारायची तसदी मी घेतली नाही. मुंबईत असली टेबलं उदंड पाहिली होती ना! तक्त्यावर पाच टेबलांवर लाल रेघ मारली, त्यात त्यांचंही आलं. आमचे गोरे साहेब खूश. चाचांना घरी बसवलं, वही रद्दीत गेली. आणि मी शहाण्याने घरी पत्र लिहिलं की अकरा दिवसांचं काम आता एका दिवसात होतं.

दोन महिन्यांनी आतल्या मुलखात कॉलऱ्याची साथ आली. सलाईनच्या पेट्या जहाजातून उतरल्या आणि मिशनच्या दवाखान्याची नर्स ट्रक घेऊन बंदरात आली. तिचा कागद मी स्वतः हातात धरून फिरवला. दुपारी बारापर्यंत सुटलासुद्धा! ऐटीत तिला घेऊन तीन नंबरच्या शेडमध्ये गेलो, कारण कागदावर तीन नंबर होता.

शेड रिकामी होती.

सात शेडी, प्रत्येकीत छपरापर्यंत माल. हमालांना विचारलं, तर ज्यांनी पेट्या हलवल्या ती टोळी दुसऱ्या जहाजावर बाहेर गेलेली. अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने तो कागद माझ्यासमोर धरला. "हा आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "पेशंटला हाच चढवू?"

शेवटी एक पहारेकरी म्हणाला, माल हलवला की हमाल सलीमला सांगायचे, तो लिहून ठेवायचा. ती वही म्हणजे हे होतं तर! बाबांचे शब्द आठवले आणि स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू.

खाडीपलीकडे लेकीच्या घरी चाचा राहत होते. होडीने गेलो. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. मी म्हटलं, "चाचा, गलती मेरी है. लोग मर रहे हैं." वाटलं, आता दार लावणार. मग त्यांनी टोपी घातली. वाटेत एवढंच बोलले, "तीन नंबर का छप्पर टपकता है. अच्छा माल पाँच में रखते हैं, नमक के पीछे."

मिठाच्या पोत्यांमागेच पेट्या होत्या, सगळ्या. ट्रक भरून झाला. मी नर्सची माफी मागायला गेलो, तर ती ड्रायव्हरशेजारी चढत म्हणाली, "दोन दिवस." बस, तेवढंच. त्या दोन दिवसांत तिकडे कोण कोण गेलं ते मी कधी विचारलं नाही. धीर झाला नाही.

साहेबांशी मी कडाकडा भांडलो. सही नको तर नको, पण चाचांचं टेबल आणि वही परत पाहिजे. दोन्ही परत आली, चाचांसकट.

आता या बंदरालाच घर म्हणतो मी. मुलं इथल्या भाषेत भांडतात, बायको नारळाच्या रसात इथले मासे शिजवते आणि मालवणची चव नाही म्हणून माझ्यावरच चिडते.

भाऊ, गावाहून तुझं पत्र आलं, म्हणून हे सगळं लिहायला बसलो. देवळात दिवा लावायची आपल्या घराण्याची पाळी, त्यात माझ्या वाटणीचे दिवस. "तू काय येवक नाय. तुझ्या पाळीचो दिवो मीच लावतंय. यंदापासून तुझा नाव काढूया काय?" असं तू विचारलंस. तुझं बरोबर आहे, त्या नावाचा काही उपयोग नाही. पण माझ्या दिवशी तू दिवा लावताना पाळीच्या यादीतलं माझं नाव वाचून कोणीतरी विचारत असेल, "ह्यो खंय आसा?" आणि तू सांगत असशील. तेवढंच माझं घर आता तिथे उरलंय. ते काढू नको रे.