दाराला लाल फडकं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, त्या डॉक्टरांना तर नाहीच. खरं म्हणजे त्यांनाच सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी, एका वाक्यात. ते वाक्य मी गिळलं. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही, म्हणूनच कदाचित तुमच्याशी बोलणं जमेल. बघू — जमतंय का.

आधी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत माझी काय ख्याती आहे ते ऐका. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे म्हणतात, फार काम असतं हो त्यांना. गणपतीच्या वर्गणीला आलेले लोकसुद्धा आमच्या दारात हळू बोलतात. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी मॅनेजर आहे. आठवड्यातले काही दिवस अख्खं शहर आडवं कापत ऑफिसला जायचं, उरलेले दिवस घरून काम. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे आपली संध्याकाळ ती त्यांची सकाळ. जेवता जेवता उठून जाणारा, लग्नाच्या पंगतीत कानाला फोन लावून कोपऱ्यात उभा असणारा माणूस तुम्ही पाहिला असेल — तो मी. कामसू. हे बिरूद मला आवडायचं. खोटं कशाला बोलू? बोलायचं तेवढं बोलून झालंय.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. भंडाऱ्याकडून तरुणपणी इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांचं आयुष्य भोंग्यावर चालायचं. सकाळचा भोंगा झाला की माणूस कारखान्याचा, संध्याकाळचा झाला की स्वतःचा. घरी येऊन हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि क्वार्टर्सच्या क्लबात कॅरमला बसायचं. तिथे कुणी कारखान्याचा विषय काढला तर बाबा म्हणायचे, "काऊन रे, भोंगा ऐकू नाही आला का तुले?" एवढं सरळ होतं सगळं. काम ते काम, खेळ तो खेळ.

मला मात्र त्यांनी शिकवलं, आधी अभ्यास, मग खेळ. मी त्यांना दोष देत नाहीये, हे लक्षात घ्या. कारखान्यात घाम गाळणारा कुठला बाप पोराला वेगळं सांगेल? पण माझा अभ्यास संपलाच नाही. दहावी झाली, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग परदेशवारी, मग हा फ्लॅट, मग बढती, मग पुढच्या बढतीचं टार्गेट. त्यातला "मग खेळ" कधी उजाडायचा? माझ्या कामाला भोंगा नव्हता. नुसतं बसावंसं वाटलं तरी अपराध्यासारखं व्हायचं. आणि बसावंसं तर वाटायचंच. फार वाटायचं.

आई गेली तेव्हा बाबा आमच्याकडे राहायला आले. सोबत एक कपड्यांची पेटी, बुद्धाची छोटी मूर्ती आणि कॅरमबोर्ड. मुलगी तेव्हा शिकायला बाहेरगावी गेलेली, तिची खोली माझं ऑफिस झाली होती. बायको, वैशाली, बँकेत. ती सकाळी जायची ती संध्याकाळी उशिरा परतायची. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघेच, बाप आणि लेक, मध्ये एक बंद दार.

पहिल्याच आठवड्यात बाबा माझ्या कॉलच्या मध्ये आत आले. पाणी हवंय का विचारायला. स्क्रीनवर सातआठ चेहरे होते, माझ्या मागे बनियनमधले बाबा दिसले, कुणीतरी हसलं. मी काही बोललो नाही त्यांना — पण तोंड पाडलं असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या लाल टॉवेलचा एक तुकडा कापला आणि मला दाखवला. म्हणाले, "आमच्या कारखान्यात धोक्याचं काम सुरू असलं की त्या शेडवर लाल फडकं लागायचं. मग साहेब असो की साहेबाचा साहेब, आत पाय टाकायचा नाही. तू कामात असला की मी हे दाराले लावून देत जाईन." आणि तेव्हापासून मी खोलीत शिरलो की ते उठून दाराच्या मुठीला ते फडकं बांधायचे. मग टीव्हीचा आवाज बंद. दुधवाल्याला, कुरिअरवाल्याला तोंडावर बोट ठेवून गप्प करायचे. वैशाली हसायची, म्हणायची, "बाबा, अहो, तो बॉम्ब नाही बनवत आत." बाबा हसायचे नाहीत. फडकं म्हणजे फडकं.

आता — इथून अवघड आहे.

एकदा एक कॉल रद्द झाला. दार बंद, बाहेर फडकं, घर चिडीचूप. मी खुर्चीत मागे रेललो आणि नुसता बसलो. किती बरं वाटलं, काय सांगू. कुणी काही मागत नाही, कुणी काही विचारत नाही. दार उघडून बाहेर जाता आलं असतं. बाबा कॅरमला पावडर मारून माझी वाटच बघत असायचे रोज. पण मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात कॉल नव्हताच, तरी मी हेडफोन लावून आत जाऊन बसलो. तिसऱ्यांदा तर मी मोठ्याने बोललोसुद्धा, "येस, येस, गो अहेड," म्हणजे बाहेर ऐकू जावं. पलीकडे कुणीही नव्हतं. पन्नाशीला आलेला माणूस, बंद खोलीत एकटाच येस येस करतोय. हसा, खुशाल हसा.

बाहेर येऊन सरळ म्हणता आलं नसतं का, की बाबा, आज जरा कंटाळा आलाय, लोळतो थोडा? त्यांनी उशी आणून दिली असती. पण मला तोंडच नव्हतं ते म्हणायला. काम करणारा मुलगा हीच माझी त्या घरातली जागा होती. ती सोडून मी कोण होतो?

आणि आत मी करायचो काय? सांगतो, लाज सोडूनच बसलोय. मोबाइलवर कॅरम खेळायचो. हो, कॅरम. अनोळखी लोकांशी, पैज न लावता, नुसता. त्यात वरच्या पायऱ्या असायच्या. जिंकलात की वर, हरलात की खाली, एक दिवस नाही खेळलात तरी खाली. म्हणजे खेळातसुद्धा मी टार्गेट शोधून काढलं होतं. तुम्ही म्हणाल, बाहेर बाप खराखुरा बोर्ड मांडून बसलाय, मग हे कशाला? बाबांबरोबरचा डाव लांबायचा. ते राणी घेण्याआधी जुन्या गोष्टी काढायचे, स्ट्रायकर हातात धरून भंडाऱ्याला जाऊन यायचे. मला तेवढा वेळ नव्हता. बंद दारामागे तासन्‌तास होता, बाहेर नव्हता. कॉल संपवून निघालो की ते विचारायचे, "येतो का एक डाव?" मी म्हणायचो, "उद्या नक्की." ते म्हणायचे, "राहू दे. काम पहिले." आणि एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायचे. टक, टक, सोंगट्यांचा तो आवाज मला आत ऐकू यायचा.

त्या दिवशी दुपारचं जेवण आम्ही एकत्र केलं. मी आत गेलो, त्यांनी फडकं बांधलं. दुपारी खरोखरच कॉल होते. संध्याकाळी संपले. मी बाहेर आलो नाही. खेळत बसलो. बाहेर टक टक चालू होतं, बाबा ठणठणीत होते. मग ते थांबलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि दाराशी बाबांचा आवाज आला — "अवि."

हळू. जरा जड. जिभेवर काहीतरी ठेवून बोलावं तसा.

बाबांनी फडकं असताना कधी, कधीच, हाक मारली नव्हती. दुसरा कुणी असता तर तेवढ्यावरून उठला असता. मला कळलं होतं की काहीतरी वेगळं आहे. कळलं नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण डाव रंगात होता, राणी समोर होती, हरलो असतो तर पायरी गेली असती. मी माइक तोंडाशी ओढला आणि मोठ्याने म्हणालो, "येस, येस, गो अहेड."

पुन्हा हाक आली नाही.

तो डाव मी हरलो. चिडून दुसरा लावला. तोही संपल्यावर दार उघडलं.

ते दाराला टेकून जमिनीवर बसले होते. दार उघडलं तसे माझ्या पायाशी कलंडले. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला, डाव्या हाताने तो धरून ठेवलेला. त्यांनी दार वाजवलं नव्हतं. मुठीला फडकं होतं ना. त्या दारातून आत जायचं नसतं, हे त्यांना त्या अवस्थेतही पक्कं होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण समजावून सांगत होते. मेंदूत गुठळी अडकली आहे, ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. उशीर झाला असेल तर उलटा धोका. म्हणून त्यांनी विचारलं, "हे नेमकं कधी सुरू झालं?" बाबांना बोलता येत नव्हतं. वैशाली बँकेतून थेट धावत आली होती, माझ्या शेजारी उभी होती. मला वेळ माहीत होती. टक टक कधी थांबलं, ते माहीत होतं. फार तर तासाभरापूर्वीची गोष्ट. एवढंच म्हणायचं होतं — त्यांनी मला हाक मारली होती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही काय केलंत?

मी म्हणालो, "माहीत नाही. मी कॉलवर होतो. बाहेर आलो तेव्हा हे असे."

"मग शेवटचं नीट कधी पाहिलंत?"

"दुपारी जेवताना."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, मान हलवली. म्हणाले, दुपारपासून धरलं तर मुदत उलटून गेली, आता नाही देता येणार. त्यांनी मला आणखी एकदा विचारलंसुद्धा, "घरात काही आवाज, पडल्याचा वगैरे?" दुसऱ्यांदा संधी दिली मला माणसाने. माझी जीभ जड झाली नव्हती, माझी तर धडधाकट होती. मी नाही म्हणालो. वैशालीने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुझी काही चूक नाही रे."

इंजेक्शनने हात परत आला असता का? डॉक्टर नंतर म्हणाले, आला असता, नसताही. मी या "नसताही"ला धरून काही महिने जगायचा प्रयत्न केला. नाही जमत.

बाबा आता चालतात, पाय ओढत. बोलणं थोडं परत आलं, तुटक. उजवा हात नाही आला. भेटायला येणाऱ्यांना वैशाली तो प्रसंग सांगते, आणि कुणी म्हणालं की अरेरे, घरात असूनही कळलं नाही, तर बाबा डावा हात वर करून तिला थांबवतात आणि एकेक शब्द गोळा करत म्हणतात, "काम. होतं. त्याचं." माझ्याकडे बघत नाहीत तेव्हा. त्या दारामागे काय चाललं होतं, हे त्यांना ठाऊक आहे का? दाराला कान लागेल इतके जवळ होते ते, आणि हेडफोन लॅपटॉपला असायचा, मोबाइलचा आवाज बारीक पण उघडाच. मोबाइलवरच्या सोंगट्यांचा आवाज जुन्या कॅरमवाल्याला ओळखू येणार नाही? मला माहीत नाही. मी विचारू शकत नाही.

तो खेळ मी काढून टाकला. संध्याकाळी आता मी बाहेर बसतो, बोर्ड मांडतो. बाबा डाव्या हाताने स्ट्रायकर ढकलतात, तो अर्ध्यावर थांबतो. दोन-तीन वेळा झालं की ते स्ट्रायकर माझ्या बाजूला सरकवतात आणि खोलीकडे बोट दाखवतात. जा, काम कर. आणि मी उठतो. नाही उठलो तर ते अस्वस्थ होतात, पुन्हा पुन्हा बोट दाखवतात.

मी आत येतो, दार लोटतो. मग बाहेर पाय ओढल्याचा आवाज येतो. बराच वेळ दाराशी काहीतरी खुडबुड चालते, एका हाताने गाठ बसत नाही. मी आत उभा राहून ऐकत असतो. दार उघडून ते फडकं त्यांच्या हातातून घेता येईल. घेत नाही. गाठ बसली की टीव्ही बंद होतो.

आजही तसंच झालं. आज रविवार आहे. कॉल नाही, काम नाही, मी हे लिहितोय. बाहेर घर गप्प आहे. बाबा हॉलमध्ये खुर्चीत बसले असतील, दाराकडे तोंड करून. आतून बराच वेळ काही आवाज आला नाही की ते काळजी करतात, म्हणून मघाशी मी हेडफोन लावला आणि जरा मोठ्याने म्हणालो, "येस, येस, गो अहेड."