टीव्हीवरची लाल रेघ

माझं लिहिणं चुकतमाकत आहे, कुठली वेलांटी कुठे द्यायची ते कळत नाही, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर पेन हातात राहिलं नाही. कधी कोणी वाचलंच तर माफ करावं. ज्याने ती लाल रेघ काढली त्या माणसाला मात्र मी माफ केलेलं नाही.

तारापूरच्या एका कारखान्यात आम्ही बाराजणी बाटल्या खोक्यांत भरायचो. कंत्राटदाराच्या भाच्याने भिंतीवर टीव्ही लावला. प्रत्येकीच्या नावाचा एक निळा खांब, जेवढी खोकी तेवढा उंच. शेवटी सगळ्यांच्या बेरजेचा खांब, ताडासारखा. त्याच्यापुढे आम्ही गवत. आणि आडवी लाल रेघ. ही सरासरी, म्हणाला. रेघेखाली राहील तिचे पैसे कापणार.

आम्ही सगळ्याच खाली होतो.

"सगळ्याच आळशी कशा रे?" आमच्यातली मुरबे गावची बाई म्हणाली. ती कोणाला भीत नाही.

"कॉम्प्युटरनं काढलेला पिव्हट चार्ट हाय तो, मावशे. तो खोटं बोलत नाय. तुमीच बोलता जास्त."

मी बोलतच नाही. पाणी पिणं बंद केलं, म्हणजे उठायला नको. बोटं सोलली. माझा खांब वाढला, सगळ्यांचेच वाढले, आणि रेघही आणखी वर गेली. मग आम्ही एकमेकींवरच दात खाऊ लागलो. कोण लघवीला जास्त वेळ लावते, कोण चिकटपट्टी हळू ओढते, सगळ्यांचे डोळे तिच्यावर.

घरी भावजय. मासवणला मी भावाच्या घरात राहते. बोईसरला खोली घेण्यापुरतं डिपॉझिट साठवायचं आणि निघायचं, एवढंच डोक्यात होतं. कापलेला पगार पाहून ती म्हणायची, "कामाला जाता का हवा खायला, ताई?" मग साठवलेल्यातले काढून तिच्या हातावर ठेवायचे.

काही महिन्यांनी हिशोबाला मनोरची एक मुलगी लागली. पगाराच्या चिठ्ठ्या वाटताना ती टीव्हीसमोर थांबली, भाच्याकडे वळली.

"सर, ही शेवटची बाई कोण?"

"बाई नाय, टोटल हाय ती."

"मग सरासरीत तिला बाई म्हणून का मोजलंय? त्यानेच रेघ जवळजवळ दुप्पट वर गेली. तिथे कोण पोचणार?"

त्याने आत जाऊन काहीतरी दाबलं. रेघ धपकन खाली आली. मी तिच्या वर होते. तो हसला. "जमलं. कापलेले अर्धे देतो, बाकीचं विसरा."

"सगळ्याजणींचे दे, आणि सगळे दे," मुरब्याची बाई म्हणाली. "नाय तर तुझ्या त्या उंच बाईलाच बसव पॅकिंगला."

आम्ही हात आवरून बसलो. दारात माल न्यायला आलेला ट्रक उभा, चालक हिंदीत शिव्या देत होता. संध्याकाळी भाचा पाकिटं घेऊन आला. तोंड वाकडं.

मला म्हणाला, "अंगठा लाव."

मी सही केली. नोटा मोजल्या. कमी होत्या.

"सुटे नायत. राहू दे ना, तू तर शहाणी हायस."

हात पुढे धरला आणि तशीच उभी राहिले. मागची रांग खोळंबली. शेवटी त्याने स्वतःच्या खिशातून काढून बाकीचे माझ्या हातावर आपटले. पैसे पूर्ण झाले.