सीटवरचं प्लास्टिक

जुनी गाडी बघायला चिपळूणला गेलो होतो. मालक निवृत्त मास्तर. दार उघडून अभिमानाने म्हणाले, "नऊ वर्षं झाली, पण सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही बघा."

खरंच काढलं नव्हतं. शोरूममधून आलेलं ते प्लास्टिक आता पिवळट आणि चिकट झालं होतं. मी बसलो तसं ते मांडीखाली कुरकुरलं आणि घामेजल्या शर्टाला धरून राहिलं. धुवायचे कपडे बादलीत तसेच राहून गेल्यासारखा कुबट वास येत होता. एका फाटक्या कोपऱ्यातून मी बोट आत घातलं. खालचं कापड काळ्या बुरशीने भरलेलं होतं. नऊ पावसाळ्यांची ओल आत कोंडली होती. बोट रुमालाला तीनदा पुसलं, तरी शिसारी जाईना.

मास्तरांच्या पत्नी मागे उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "उन्हाळ्यात फार चटके बसायचे हो. मी खाली टॉवेल घ्यायचे."

म्हणजे नऊ वर्षं ही दोघं स्वतःच्याच गाडीत परक्यासारखी बसली. मऊ सीट राखली ती कुणा गिऱ्हाइकासाठी, म्हणजे माझ्यासाठी. आणि माझ्या वाट्याला आली ती बुरशी. या असल्या जपण्याचीच मला जास्त किळस आली. वापरायचं नाही, वापरू द्यायचं नाही, आतल्या आत कुजवायचं आणि वर त्याचं कौतुक सांगायचं.

गाडी घेतली नाही. घरी येऊन सोफ्यावर टेकलो, तर चादरीखाली काहीतरी कुरकुरलं. रोजच कुरकुरत असणार. ऐकू आलं ते आज.